गव्हर्नरांची घरं : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

आजपासून रीतसर नोंदी. प्रकल्प असा की मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरची जी मोठी सरकारी घरं होती ती सगळी एका ऑनलाइन नकाशावर आणायची. प्रत्येक घराला एक पिन, पिनवर क्लिक केलं की त्या घरात आधी काय होतं, गव्हर्नर कधी आले, का गेले आणि आज तिथे काय चालतं हे मराठीत नीट वाचायला मिळालं पाहिजे. टीम छोटी आहे, नकाशाचं काम एक मैत्रीण करतेय, मजकूर माझ्याकडे, आणि इतिहास शिकवून रिटायर झालेले एक सर प्रत्येक ओळ तपासणार आहेत.

पहिला निर्णय आजच घेतला आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शीटमध्ये एक ओळ म्हणजे एक इमारत, एक गव्हर्नर नाही. आत्तापर्यंत जे काही वाचलं त्यात घर म्हणजे त्या त्या साहेबाच्या चरित्रातला एक परिच्छेद असतो, साहेब बोटीत बसून विलायतेला गेले की घराची गोष्टही संपते. पण घरं तिथेच राहतात, त्यांना नवीन माणसं येऊन मिळतात, आणि परळ नि गणेशखिंडीच्या बाबतीत तर खरी मोठी गोष्ट साहेब गेल्यावरच सुरू होते. म्हणून कॉलम असे ठेवलेत : आधी काय होतं, सरकारी निवास कधीपासून, का सोडलं, मधल्या काळात काय, आता काय.

७ जून

फोर्टातल्या किल्ल्याचा भाग उरकला. यावर फार वेळ घालवायचा नाही असं ठरलंय कारण बघायला जे उरलंय ते नौदलाच्या ताब्यातल्या आवारात आहे, टाउन हॉलच्या मागे, आणि सामान्य माणसाला सहज जाता येत नाही. तरी सुरुवात तिथूनच होते. पोर्तुगीजांच्या काळात मुंबई बेट गार्सिया द ओर्ता नावाच्या वैद्याला खंडाने दिलं होतं, वनस्पती आणि औषधांवर लिहिणारा हा माणूस, त्याच्या वाड्यातच पुढे १८ फेब्रुवारी १६६५ ला हंफ्री कुकने इंग्लंडच्या राजातर्फे बेटाचा ताबा घेतला. मग १६६८ मध्ये राजाने वर्षाला १० पौंड भाड्याने बेट कंपनीला देऊन टाकलं आणि कंपनीच्या गव्हर्नरांचं पहिलं घर तेच झालं.

म्हणजे गव्हर्नरांची घरं मोजायला लागलो तर पहिलंच घर एका वैद्याचं निघतं. हे पिनच्या पहिल्या ओळीत घेतलंय. सर म्हणाले, "हे असू दे, परळला पोचल्यावर याचा अर्थ लागेल वाचणाऱ्याला."

१२ जून

परळ, भाग पहिला. दिवसभर याच एका पिनवर काम.

आधी ते जेझुइट पाद्र्यांचं ठिकाण होतं, मठ आणि प्रार्थनास्थळ. १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर स्वारी केली तेव्हा पाद्र्यांनी त्याला मदत केली असा कंपनीचा आरोप होता, तो राग धुमसत राहिला आणि १७२० च्या सुमारास गव्हर्नर चार्ल्स बून याने जागा जप्त करून टाकली. मग बरीच वर्षं ते गव्हर्नरचं गावाबाहेरचं घर होतं, म्हणजे हवापालटाला जायचं, मेजवान्या द्यायच्या आणि परत फोर्टात यायचं. कायमचा मुक्काम हलवला विल्यम हॉर्नबीने, १७७१ च्या सुमारास. हा तोच हॉर्नबी ज्याच्या नावाचा वेलार्ड म्हणजे बांध महालक्ष्मी-वरळीच्या खाडीवर झाला. मुंबईची बेटं जोडण्याच्या कामाशी ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलं त्यानेच किल्ल्याच्या भिंतींबाहेर घर केलं हे मला सुसंगत वाटतं, बेट पसरणार हे त्याला दिसत असणार.

प्रार्थनेची जागा होती तिथे मेजवानीचा हॉल आणि वर नाचाचा हॉल असं झालं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात (१८१९-२७) घर आणखी वाढलं.

आणि एक गोष्ट मला मोठ्या अक्षरात लिहायचीय. १८०४ मध्ये या घरात गव्हर्नर नव्हे तर मुंबईचा रेकॉर्डर म्हणजे न्यायाधीश सर जेम्स मॅकिंटॉश राहत होता, गव्हर्नर डंकनने त्याला घर दिलं होतं, आणि २६ नोव्हेंबर १८०४ ला त्याने इथे जी सभा भरवली तिच्यातून लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे जन्मली, म्हणजे आजची एशियाटिक. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून गप्पा मारणाऱ्या किती जणांना माहीत असेल की ही संस्था परळमध्ये सुरू झाली? विद्येचं काम या वास्तूत पुढे झालेल्या प्लेगच्या लॅबच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी येऊन गेलं होतं.

१८ जून

परळ, भाग दुसरा : घर का सोडलं.

इथे मजकूर लिहिताना वाद झाला. मैत्रिणीचं म्हणणं की एकच कारण लिहू, कॉलरा, लोकांच्या लक्षात राहतं. कॉलरा खराच आहे, सर जेम्स फर्ग्युसन गव्हर्नर असताना १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची पत्नी परळच्या घरातच पटकीने गेली. पण त्याच्या आधीच आजूबाजूचा परिसर बदलत चालला होता. ज्या परळला शुद्ध हवेसाठी लोक यायचे तिथे गिरण्या उभ्या राहिल्या, रेल्वे आली, चाळी झाल्या, हजारो माणसं दाटीवाटीने राहायला लागली आणि पाण्याची, गटारांची सोय त्या वेगाने झाली नाही. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आला तेव्हा त्याला याच घरात उतरवलं होतं, म्हणजे तोपर्यंत तरी मान होता. दहाच वर्षांत, १८८५ ला, लॉर्ड रे आला आणि त्याने मुक्काम कायमचा मलबार पॉइंटला हलवला.

शेवटी कॅप्शनमध्ये दोन्ही घेतलं आणि एक वाक्य मी हट्टाने ठेवलं : गव्हर्नरला घर बदलता आलं, गिरणीतल्या माणसाला नाही. सरांनी विचारलं हे मत आहे की माहिती. मी म्हटलं सर माहितीच आहे, त्या चाळींमधली माणसं १८८५ नंतरही तिथेच राहत होती आणि अकरा वर्षांनी प्लेग आला तेव्हाही तिथेच होती. वाक्य राहिलं.

२२ जून

आजच्या तारखेला गणेशखिंडीचं काम करायचं हे आधीच ठरवलं होतं.

२२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून पुण्याच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आज ज्याला आपण विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणतो तिथे, रात्री समारंभ, रोषणाई, आतषबाजी. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यजमान. समारंभ आटपून बग्ग्या शहराकडे निघाल्या आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकरांनी प्लेग कमिटीचा अध्यक्ष वॉल्टर रँड याच्यावर गोळी झाडली, बाळकृष्ण चापेकरांच्या गोळीने मागच्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैला मेला. दामोदरांना १८ एप्रिल १८९८ ला येरवड्याला फाशी झाली आणि पुढच्या वर्षी बाळकृष्ण, त्यांचा भाऊ वासुदेव आणि साथीदार महादेव रानडे यांनाही.

नकाशावर हा प्रसंग कुठे दाखवायचा यावर बराच विचार केला. घराच्या पिनवर टाकला तर चुकीचं होतं कारण घटना घरात घडली नाही, आणि नाही टाकला तर त्या घराची सगळ्यात जास्त माहीत असलेली रात्रच गायब होते. मैत्रिणीने मस्त उपाय काढला, पिनपासून शहराकडे जाणारी एक रेघ काढली, बग्ग्यांचा रस्ता, आणि रेघेवर क्लिक केलं की मजकूर उघडतो. आज त्याच रेघेवर मेट्रोचे खांब उभे आहेत, जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, दुतर्फा मोठी झाडं होती त्यातली कितीतरी गेली, रोज हजारो माणसं तिथे सिग्नलला अडकलेली असतात. स्मारक आहे, पण गाडीतून बघता बघता मागे पडतं. म्हणून रेघ जाड काढायला सांगितलीय.

मजकुरात रँड का मारला गेला हे नीट लिहायचं, एका ओळीत नाही. प्लेगच्या नावाखाली सोल्जर घराघरात घुसायचे, देवघरात, स्वयंपाकघरात, माणसांना उचलून छावणीत न्यायचे, सामान जाळायचे. रोग खरा होता आणि भयंकर होता, माणसं मरत होती, पण लोकांशी ज्या पद्धतीने वागलं गेलं त्याने सरकारची भीती रोगापेक्षा मोठी झाली. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा याला आधार होता, आणि तोच कायदा २०२० मध्ये आपण सगळ्यांनी अनुभवला. हे वाचणाऱ्याला सांगायलाच हवं.

२९ जून

छोटं काम पण मला फार आवडलेलं. नकाशाला महिन्यांची पट्टी लावली. थंडीत गव्हर्नर मुंबईत, उन्हाळा चढला की महाबळेश्वर, पाऊस लागला की पुणे, आणि पाऊस संपला की परत मुंबई. पट्टी सरकवली की ठिपका एका घरातून दुसऱ्या घरात जातो. ठिपक्याबरोबर कारकून, दप्तर, स्वयंपाकी, घोडे, शिपाई, सगळं सरकार घाट चढायचं-उतरायचं. एवढी घरं का लागली हे लिहून सांगण्यापेक्षा हा ठिपका जास्त चांगलं सांगतो.

पुण्याचं गणेशखिंडीच्या आधीचं घर दापोडीला होतं, तीही पिन टाकली. सर जॉन माल्कमने १८२८ मध्ये कॅप्टन फोर्डची इस्टेट सरकारसाठी घेतली. हा फोर्ड दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या कवायती पलटणीचा प्रमुख होता आणि ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत पलटण घेऊन इंग्रजांना जाऊन मिळाला. त्याच दिवशी संगमावरची रेसिडेन्सी मराठ्यांनी जाळली, तिथे राहणारा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, होता एल्फिन्स्टन, त्याची पुस्तकं-कागद सगळं त्यात गेलं. दोनच वर्षांनी तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि आपल्या शीटमधल्या दोन घरांवर, परळ आणि मलबार पॉइंट, त्याच्या नावाची नोंद आहे.

५ जुलै

परळ, भाग तिसरा. हा भाग या सगळ्या प्रकल्पाचा जीव आहे असं मला वाटतं आणि म्हणून वेळ घेऊन लिहिला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये सरकारने वाल्देमार हाफकिनला बोलावलं. ओडेसाचा ज्यू माणूस, पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला, आणि आधी त्याने लस तयार केली होती ती कशाची तर कॉलऱ्याची. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याला जेमतेम जागा मिळाली, एक कारकून आणि तीन शिपाई एवढा स्टाफ, आणि तीनेक महिन्यांत लस तयार. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना. लस बनवायची पद्धतही सांगण्यासारखी आहे, मोठ्या चंबूंमध्ये मटणाचा रस्सा, त्यावर तुपाचे थेंब तरंगते ठेवायचे, त्या थेंबांच्या खाली जंतूंची वाढ लोंबती होत जायची. विलायती प्रयोगशाळेतलं शास्त्र आणि आपल्याकडचं तूप.

काम वाढत गेलं तसं जागा पुरेना, दोन-तीनदा बिऱ्हाड हललं, आगाखानांनी खुश्रू लॉज दिलं, आणि शेवटी सरकारला आठवलं की परळचं ते मोठं घर आहेच. मधल्या काळात प्लेगचं हॉस्पिटल म्हणूनही ते वापरून झालं होतं. १० ऑगस्ट १८९९ ला तिथे प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली, उद्घाटनाला गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट. १९०६ ला नाव बदलून बॉम्बे बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झालं आणि १९२५ ला हाफकिन इन्स्टिट्यूट.

आता हे एकापाठोपाठ ठेवून बघा. ज्या घरात गव्हर्नरची बायको कॉलऱ्याने गेली आणि रोगराईच्या भीतीने जे घर सोडलं गेलं, त्याच घरात कॉलऱ्याची लस काढणारा माणूस येऊन प्लेगची लस बनवायला लागतो. गव्हर्नर ज्यापासून लांब गेले त्याच्याशी भिडायला तिथे माणसं आली, आणि ती गिरणगावाच्या मधोमध बसून काम करत होती, जिथे रोग होता तिथेच. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून या लशीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले. पुढे सापाच्या विषावरचं औषध, पोलिओची लस, असं काम वाढत गेलं. दारात जुनी भव्य कमान आणि आत सूक्ष्मदर्शक.

दुसरी जोडणी आजच लिहिताना लक्षात आली आणि मग मी उठून थोडा वेळ फेऱ्याच मारल्या. १८९७ चा जानेवारी, मुंबईत एक माणूस स्वतःच्या अंगावर लस टोचून घेऊन मग दुसऱ्यांना विचारतोय. १८९७ चा जून, पुण्यात दुसरा माणूस लोकांच्या घरात सोल्जर घुसवून झाल्यावर गोळी खातो. रोग एकच, इलाखा एकच, वरचा गव्हर्नर एकच, सँडहर्स्ट, जो जूनमध्ये गणेशखिंडीत यजमान होता आणि दोन वर्षांनी परळला लॅबचं उद्घाटन करत होता. हाफकिनचा आग्रह होता की लस सक्तीने द्यायची नाही, लोकांना पटवून द्यायची. दोन घरांच्या पिना आता एका रेघेने जोडल्यात आणि रेघेला नाव दिलंय प्लेग.

९ जुलै

मुलकोवाल घ्यायचं की नाही यावर चर्चा. घ्यायचंच. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस टोचल्यावर १९ माणसं धनुर्वाताने गेली, ठपका हाफकिनच्या लॅबवर ठेवला गेला, त्याला काम सोडावं लागलं. पुढे स्पष्ट झालं की दोष तिथे गावात बाटली उघडताना झाला होता, आणि १९०७ पर्यंत तो निर्दोष ठरला, पण मुंबईच्या लॅबचं प्रमुखपद त्याला परत मिळालं नाही. तो कलकत्त्याला गेला आणि १९३० ला स्वित्झर्लंडमध्ये वारला. त्याच्या अनुपस्थितीत संस्थेला त्याचं नाव १९२५ मध्ये दिलं गेलं, तो जिवंत असताना. ही माणसं आणि हे वाईट वर्ष गाळून संस्थेचा इतिहास लिहिणं मला पटत नाही, त्या १९ कुटुंबांनाही ते अन्यायाचं होईल.

१५ जुलै

गणेशखिंड, घर आणि विद्यापीठ.

बांधकाम १८६४ ला सुरू, १८७१ ला पूर्ण, आर्किटेक्ट जेम्स ट्रबशॉ, कल्पना गव्हर्नर सर बार्टल फ्रिअरची. १८६४ साल महत्त्वाचं आहे. अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद, म्हणून आपल्या कापसाला वेड्यासारखा भाव, मुंबईत पैसा नुसता वाहत होता. फ्रिअरने त्या तेजीत हात घातला. पण १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतले सट्टेवाले बुडाले, बँक ऑफ बॉम्बे बुडाली, आणि इकडे घर अर्धवट, खर्च वाढतच चाललेला. पार्लमेंटमध्येही या उधळपट्टीवर टीका झाली. तरी बांधून पूर्ण केलं. उंच मनोरा, इटालियन धाटणी, लांब कमानी, आणि त्याच मैदानाच्या आसपास पन्नास वर्षांपूर्वी खडकीची लढाई झाली होती, बापू गोखल्यांची फौज त्याच बाजूने उतरली होती. जागेची निवड काय फक्त हवेसाठी झाली असेल असं मला वाटत नाही, जिंकलेल्या मैदानावर घर बांधणं यात एक सांगणं असतंच.

स्वातंत्र्यानंतर सर जॉन कॉलव्हिल जानेवारी १९४८ पर्यंत गव्हर्नर होता, मग राजा महाराज सिंग, पहिले भारतीय. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं, पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर. कचेरी सुरुवातीला भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाउसमध्ये होती आणि १ जून १९४९ ला गणेशखिंडीच्या या इमारतीत आली. बाळासाहेब खेरांनी पुढाकार घेतला म्हणून १९५० च्या सुरुवातीला ४११ एकर जागा विद्यापीठाला मिळाली. त्या आधीच्या आवाराच्याच एका बाजूला आजचं पुण्याचं राजभवन आहे, म्हणजे पावसाळी मुक्कामाची परंपरा संपली नाही, फक्त मोठं घर विद्यार्थ्यांना मिळालं. २०१४ पासून नावात सावित्रीबाई फुले आहेत. ज्या घरात राणीच्या नावाने आतषबाजी झाली त्याच्या दारावर आज पुण्यात मुलींना शिकवताना अंगावर शेण झेललेल्या बाईंचं नाव आहे. याच्यावर मी आणखी काही लिहिलं नाही, पिनमध्ये एवढंच पुरेसं आहे.

सरांनी आठवण काढली की आमच्या वेळी फॉर्म भरायला, मार्कशीटसाठी खेड्यापाड्यातून पोरं इथे यायची, सुरुवातीला बारा जिल्ह्यांचं विद्यापीठ होतं हे, आणि पहिल्यांदा ती इमारत बघून दबकून उभी राहायची. पण आत जायची. पूर्वी त्या पोरांचे आजोबा आवाराच्या फाटकाशीही उभे राहू शकले नसते.

२४ जुलै

मलबार पॉइंट, आजचं राजभवन. तिन्ही बाजूंनी समुद्र, जवळजवळ पन्नास एकर. एल्फिन्स्टनने इथे बंगला बांधला, माल्कमने मुक्कामाची जागा केली, आणि १८८५ पासून कायमचं निवासस्थान. जलभूषण, जलविहार, जलचिंतन, जललक्षण अशी बंगल्यांची नावं. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं तेव्हाचा समारंभ इथेच झाला, नेहरू आले होते, यशवंतराव होते, राज्यपाल श्रीप्रकाश. किती सरकारांनी इथे शपथ घेतली ते वेगळं सांगायला नको, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय.

आता शीटमध्ये जे दिसलं ते. जलभूषणची जुनी वास्तू, गव्हर्नर ज्यात सव्वाशे वर्षांहून जास्त राहत आले ती, जीर्ण झाली म्हणून पाडली आणि तिची जुनी वैशिष्ट्यं जपून नवी बांधली, उद्घाटन १४ जून २०२२ ला पंतप्रधानांनी केलं. दरबार हॉलही नवा, ११ फेब्रुवारी २०२२ ला राष्ट्रपती कोविंद यांच्या हस्ते. म्हणजे ज्या घरात गव्हर्नर टिकून राहिले ते घर उतरवावं लागलं, आणि जी दोन घरं त्यांनी सोडली ती दोन्ही उभी आहेत. समुद्राची खारी हवा हे एक कारण आहेच, ते नाकारत नाही. पण मला वाटतं की वापर बदलल्यानेही ही घरं वाचली. राज्यकर्त्याचं निवासस्थान कायम आजच्या गरजेला पुरं पडलं पाहिजे, सुरक्षा, पाहुणे, समारंभ. लॅब नि विद्यापीठाला शेजारच्या मोकळ्या जागेत नवीन इमारती बांधून जुनी ठेवता आली. आवार मोठं मिळालं हे त्यांचं नशीब आणि ते आवार विकलं गेलं नाही हे आपलं.

२ ऑगस्ट

टाइमलाइनचा ड्राफ्ट झाला. प्रत्येक घराला एक आडवी पट्टी, निवासाची वर्षं एका रंगात आणि पुढच्या वापराची दुसऱ्या.

परळ : १७७१ ते १८८५, निवास, ११४ वर्षं. १८९९ ते २०२४, प्रयोगशाळा, १२५ वर्षं. लॅब गव्हर्नरांच्या पुढे गेली.

गणेशखिंड : १८७१ ते १९४९, ७८ वर्षं. १९४९ ते २०२४, ७५ वर्षं. म्हणजे २०२७ मध्ये विद्यापीठ बरोबरी करेल.

पट्टी बघून मैत्रीण म्हणाली, "मग परळच्या पिनचं नाव आपण अजून जुनं गव्हर्नमेंट हाउस का ठेवलंय रे?" लगेच बदललं. पिनवर आता ठळक अक्षरात हाफकिन इन्स्टिट्यूट, खाली बारीक अक्षरात आधीचे मुक्काम, पाद्री, बून, हॉर्नबी, सगळे. तेच विद्यापीठाला केलं.

१० ऑगस्ट

लॅबला आज १२५ वर्षं झाली, म्हणून परळचं पान आजच सगळ्यांसाठी खुलं केलं. बाकीची पानं नंतर.

फोटोंचं काम अडलंय. एका सरकारी कचेरीकडे जुन्या आराखड्यांच्या प्रती मागितल्यात, अर्ज इकडून तिकडे फिरतोय, प्रत्येक टेबलावर नवीन कागद सांगतात. ही कागदपत्रं लोकांच्या पैशाने बांधलेल्या घरांची आहेत, ती लोकांना सहज बघायला मिळाली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. तोवर मैत्रिणीने स्वतः रेखाटन केलंय, पुढची कमान, जिना आणि वरचा हॉल.

पान वाचून परळमध्येच लहानाची मोठी झालेल्या एका ताईंनी कळवलं की लहानपणी त्यांना कुत्रा चावला तेव्हा आई हाफकिनला घेऊन गेली होती, ती इमारत गव्हर्नरची होती हे आज कळलं. असे लोकांचे अनुभव गोळा करायला पानाखाली एक रकाना जोडायचा ठरवलं. नाव न देता, फक्त साल आणि काय काम होतं ते.

१७ ऑगस्ट

बंकरचा मजकूर पूर्ण. ऑगस्ट २०१६ मध्ये राज्यपाल विद्यासागर राव असताना राजभवनात भिंतीमागे बंद केलेलं भुयार सापडलं, १५० मीटर लांब, १३ खोल्या, तोफगोळे ठेवायच्या, काडतुसांच्या, गोळे वर न्यायच्या लिफ्टच्या. समुद्राकडून येणाऱ्या शत्रूसाठी केलेली तयारी. २०१९ ला ते संग्रहालय म्हणून उघडलं आणि १४ जून २०२२ पासून तिथे क्रांतिकारकांचं दालन आहे. वासुदेव बळवंत फडके, सावरकर बंधू, मादाम कामा, १९४६ चं नाविकांचं बंड. आणि चापेकर बंधू.

म्हणून आज नकाशात शेवटची रेघ काढली. गणेशखिंडीच्या रस्त्यावरून सुरू होते आणि मलबार पॉइंटच्या जमिनीखाली येते. एका गव्हर्नरच्या घरून निघालेल्या माणसावर ज्यांनी गोळी झाडली आणि त्यासाठी जे फासावर गेले, त्यांचं चित्र आज राज्यपालांच्या घराखाली, इंग्रजांनी दारूगोळा ठेवला त्याच खोल्यांच्या रांगेत आहे. सरांनी मजकूर वाचला आणि फक्त एक दुरुस्ती सुचवली, महादेव रानड्यांचं नावही गणेशखिंडीच्या पिनमध्ये चापेकरांच्या बरोबरीने, त्याच आकाराच्या अक्षरात द्या. दिलं.

पुढे : नागपूरचं राजभवन (१८९१, मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरसाठी बांधलेलं) आणि महाबळेश्वर. नागपूरसाठी वेगळी शीट लागेल कारण तिथला कारभार मुंबई इलाख्यातला नव्हता, १९५६ पर्यंत ती एका वेगळ्या प्रांताची राजधानी होती. मैत्रीण सोमवारपासून त्याचा नकाशा घेतेय, मी आधी वऱ्हाडचा भाग वाचून घेतो.